‘ऐकत नाही’ म्हणणारे वस्ताद

“पोट्टी उंच आहे, हात चांगला आहे, पण ऐकत नाही.” आमच्या भंडारा जिल्ह्यात एखाद्या होतकरू खेळाडूचा विषय बहुतेक वेळा या वाक्यावर संपतो. तुमसर असो, साकोली असो की पवनी, जुने क्रीडाशिक्षक हे वाक्य इतक्या सहजपणे बोलतात की ऐकणाऱ्याला ते खरंच वाटतं. तिच्या बापालाही वाटतं. पुढच्या वर्षी ती मुलगी मैदानावर नसते, आणि सर नव्या तुकडीला तेच शिकवत असतात जे त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं. सरांनी तिचं ऐकलं होतं का, हे कुणी विचारत नाही. मला ते विचारायचं आहे आणि जरा कडक शब्दांत विचारायचं आहे, कारण या सवयीचा पहिला फटका आमच्या मोहल्ल्यातल्या पोरापोरींना बसतो.

मराठीत कुस्ती शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात आणि जिथे तो शिकवतो त्या जागेला तालीम. दोन्ही शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आले. उस्तादचा वस्ताद झाला, आणि तालीम म्हणजे तर मुळात शिक्षणच. शब्द टिकले, पण आज वस्ताद म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो धाक, हातातली छडी आणि ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे पालुपद. खऱ्या उस्तादांचा इतिहास वेगळा आहे. कोल्हापूर दरबारातले अल्लादिया खाँसाहेब यांचा आवाज एकदा बसला तो पूर्वीसारखा परत आलाच नाही. त्यांनी उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी घडवली. पुढे वयाच्या पासष्टीत त्यांनी केसरबाई केरकरांची तालीम सुरू केली आणि ती गायकी त्यांच्या गळ्यात उतरवली. स्वतःचं सगळं मोडून पुन्हा मांडण्याची तयारी त्या माणसात होती, म्हणून आपण त्यांना उस्ताद म्हणतो.

मुद्दा बास्केटबॉलचा आहे, तर बास्केटबॉलचंच उदाहरण घेऊ. आणि ते अशा खेळाडूचं घेऊ ज्याचं नाव आमच्या घरांतही आदराने घेतलं जातं, पण ज्याच्या प्रशिक्षकाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

१९६५ साली न्यूयॉर्कहून एक सात फुटांहून उंच मुलगा लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आला. नाव लू अल्सिंडर, वय १८. त्याचा नवा प्रशिक्षक जॉन वुडन तेव्हा ५५ वर्षांचा होता आणि १९४८पासून त्याच विद्यापीठात शिकवत होता. नुकत्याच सलग दोन वर्षं, १९६४ आणि १९६५ साली, त्याने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं होतं. तेही तुलनेने बुटक्या खेळाडूंच्या जोरावर. पूर्ण मैदानभर दबाव टाकायचा, प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, ही त्याची पद्धत. म्हणजे पद्धत सिद्ध झालेली, नाव झालेलं, वय झालेलं. आपल्याकडचा एखादा असता तर म्हणाला असता, माझ्या पद्धतीने दोन कप आलेत, पोराने जुळवून घ्यावं.

वुडनने उलट केलं. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. हंगामाआधीच्या एका सामन्यात या पहिल्या वर्षाच्या पोरांनी वुडनच्या विजेत्या मुख्य संघाला ७५-६० असं हरवलं. अल्सिंडरने एकट्याने ३१ गुण केले. वुडनने इतका उंच सेंटर कधी शिकवलेला नव्हता. त्याची आक्रमणाची जुनी मांडणी अशी होती की सेंटर फ्री थ्रो रेषेजवळ उभा राहतो आणि बाकीचे त्याच्या आजूबाजूने बास्केटकडे कापत जातात. या मुलाला तिथे उभं करणं म्हणजे त्याची उंची वाया घालवणं. वुडनने वर्षानुवर्षं घोटलेली मांडणी बाजूला ठेवली आणि सेंटरला बास्केटजवळ ठेवून त्याच्याभोवती नवी रचना केली. पंचावन्नाव्या वर्षी हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. पुढची तिन्ही वर्षं, १९६७, १९६८ आणि १९६९, विजेतेपद यूसीएलएकडे राहिलं. त्या तीन वर्षांत संघ ८८ सामने जिंकला आणि फक्त २ हरला.

१९६७मध्ये अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये डंक मारायला, म्हणजे चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबायला, बंदी घालण्यात आली. हा नियम या एका मुलाला रोखण्यासाठीच केला असं पुष्कळांचं मत होतं. वुडनने रडगाणं गायलं नाही. या बंदीने मुलगा अधिक चांगला खेळाडू होईल असं त्याचं म्हणणं होतं आणि त्याने मुलाच्या हूक शॉटवर मेहनत घेतली. एका हाताने, डोक्यावरून, कमान काढत टाकलेला तो फटका लहानपणापासून त्या मुलाजवळ होता. आता त्याला धार आली. पुढे तोच ‘स्काय हूक’ म्हणून जगभर ओळखला गेला. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये त्याने ३८,३८७ गुण केले आणि तो विक्रम २०२३पर्यंत कुणाला मोडता आला नाही. तोवर त्याचं नाव जगाला करीम अब्दुल-जब्बार म्हणून ठाऊक झालं होतं. विद्यापीठात असतानाच, १९६८ साली, त्याने इस्लाम स्वीकारला होता.

इथे आमच्या वाचकांनी जरा थांबावं. वुडन पक्का ख्रिश्चन, चर्चमध्ये नियमाने जाणारा, मध्य-पश्चिमेतल्या छोट्या गावातला गोरा माणूस. समोर एक काळा तरुण, माल्कम एक्सचं आत्मचरित्र वाचणारा, वर्णद्वेषाच्या रागाने धुमसणारा, १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिक संघात जायला नकार देणारा. या दोघांचं जमण्यासारखं काही नव्हतं. पण त्या मुलाने वेगळ्या धर्माकडे वळणं हा वुडनने आपला अपमान मानला नाही. मैत्री वुडनच्या मृत्यूपर्यंत, २०१०पर्यंत, टिकली. करीमने तिच्यावर ‘कोच वुडन अँड मी’ नावाचं पुस्तक लिहिलं. याच करीमच्या हायस्कूलच्या प्रशिक्षकाने एका सामन्याच्या मध्यंतरात त्याला वंशद्वेषी शिवी दिली होती. तो प्रशिक्षकही खेळाचा जाणकार होता, त्याचा संघही जिंकत होता. त्या एका शब्दाची जखम मुलगा वर्षानुवर्षं विसरला नाही.

आणि हो, वुडन म्हणजे पोरांच्या मागे धावणारा मऊ माणूस नव्हता. मोजे कसे घालायचे इथपासून तो शिकवायचा. पुढे बिल वॉल्टन हा त्याचा दुसरा मोठा खेळाडू दाढी वाढवून सरावाला आला, तेव्हा वुडनने शांतपणे सुचवलं की मग आम्हाला तुझ्यावाचून खेळावं लागेल. वॉल्टनने दाढी काढली. (ती दाढी धर्माची असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मला पडतो, त्याचं उत्तर कुणाकडे नाही.) सांगायचं एवढंच की शिस्त आणि पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला कळत होतं. आमच्याकडे दोन्हींची गल्लत करून तिला ‘संस्कार’ म्हणतात.

आता लगेच उत्तर येईल: ते अमेरिकेत, इथे ना कोर्ट आहे ना पैसा. मग अमेरिका सोडा, हैदराबादला चला. सय्यद अब्दुल रहीम हे शाळामास्तर होते. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बहुतांश अनवाणी खेळणारा त्यांचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. रहीमसाहेबांनी ‘आमची पोरं अनवाणीच खेळतात’ असं म्हणत छाती पुढे काढली नाही. बूट आले, खेळाची मांडणी बदलली आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तर त्यांचा बचावपटू जर्नेलसिंग डोक्याला टाके पडलेल्या अवस्थेत होता. बचावात उभा राहून डोक्याने चेंडू परतवणं त्याला धोक्याचं. रहीमसाहेबांनी त्याला घरी पाठवलं नाही, ‘माझा बचावपटू बचावातच खेळेल’ असा हट्टही धरला नाही. त्याला पुढे, आक्रमणात खेळवलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध २-१ असा विजय मिळाला आणि त्यातला एक गोल जर्नेलसिंगचा होता. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आतून पोखरले गेले होते. १९६३मध्ये ते गेले. २०२४ साली ‘मैदान’ सिनेमा आला तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर त्याच्या क्लिपांचा पाऊस पडला. बघा, एक मुसलमान प्रशिक्षक! खरं आहे, अभिमान वाटावा असंच आहे. पण त्या माणसाने नेमकं काय केलं, हे किती जणांनी पाहिलं?

कोर्टचं म्हणाल तर मुंबईचं नागपाडा घ्या. दाट वस्ती, मुस्लिमबहुल, गरिबी भरपूर. मस्तान वायएमसीएच्या छोट्याशा कोर्टवर आणि शेजारच्या गल्ल्यांत बास्केटबॉल इतका रुजला की तिथून देशाला खेळाडू मिळत राहिले. भारताचे कर्णधार राहिलेले आणि १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. तिथल्या महापालिकेच्या मैदानाला बच्चूखान या प्रशिक्षकाचं नाव आहे. एखाद्या मोहल्ल्याने आपल्या कोचचं नाव मैदानाला द्यावं ही गोष्ट मला मोठी वाटते. आमच्याकडे मैदानांना देणगीदारांची नावं असतात.

नागपाडा लांब वाटतं? मग भंडारा रोड स्टेशनवरून हावड्याच्या दिशेने बसा. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करत साधारण दोनशे किलोमीटरवर भिलाई येतं. तिथल्या पोलाद कारखान्यात राजेश पटेल नावाचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते. २०१८मध्ये त्यांचं निधन झालं. छत्तीसगडच्या मुलींच्या संघांना राष्ट्रीय पातळीवर दरारा मिळवून देणारा हा माणूस. शाळांकडून तयार खेळाडू येतील म्हणून ते वाट बघत बसले नाहीत. ज्यांनी आयुष्यात चेंडू हातात घेतला नव्हता अशा गावाकडच्या, आदिवासी पट्ट्यातल्या मुली त्यांनी शोधल्या. सुमारे ६ फूट १० इंच उंचीची पूनम चतुर्वेदी ही उत्तर प्रदेशातली मुलगीही त्यांच्याकडे घडली. त्यांच्या कित्येक मुलींना रेल्वेत नोकऱ्या लागल्या. ज्या रेल्वेने आपण भंडाऱ्याहून गोंदियाला जातो तीच ही रेल्वे, बिलासपूर मुख्यालय असलेला तोच झोन. आमच्या जिल्ह्यातही गोंडवस्त्या आहेत, खाणीत राबणाऱ्यांची पोरं आहेत, उंच मुली आहेत. दोनशे किलोमीटरचा फरक रुळांमुळे पडलेला नाही.

खेळ स्वतःच किती बदलला हेही पाहा. ज्या सरांनी १९९०च्या दशकात प्रशिक्षणाचा कोर्स केला, त्यांच्या वेळी आंतरराष्ट्रीय नियमांत सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत व्हायचा आणि चेंडू बास्केटकडे फेकायला ३० सेकंद मिळायचे. २०००नंतर दहा मिनिटांचे चार भाग आणि २४ सेकंद झाले. २०१०मध्ये तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली आणि बास्केटखालची समलंब चौकोनी आखणी जाऊन आयताकृती आली. आमच्या कितीतरी शाळांच्या कोर्टवर अजून ती समलंब आखणीच रंगवलेली सापडेल. ती दरवर्षी नव्या रंगाने पुन्हा जशीच्या तशी गिरवली जाते. उंच मुलगी दिसली की ‘जा, बास्केटखाली उभी राहा, हात वर कर’ हा आदेशही त्याच आखणीच्या काळातला. आज सर्बियाचा निकोला योकिच सात फुटांच्या जवळपास उंचीचा सेंटर असून मैदानाच्या मध्यातून सगळ्या संघाचा खेळ चालवतो. आमची उंच मुलगी ड्रिबल करत पुढे गेली की शिट्टी वाजते आणि पुन्हा तेच: ऐकत नाही.

या ‘ऐकत नाही’मागे आमच्या मुलींच्या बाबतीत अनेकदा वेगळीच गोष्ट दडलेली असते. आमच्याच भागातल्या एका शाळेत नववीतल्या मुलीला सांगितलं गेलं की चड्डी-बनियनचा गणवेश घालायचा नसेल तर संघात जागा नाही. तिने पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग घालून खेळायची परवानगी मागितली होती, एवढंच. सरांनी नियमावर बोट ठेवलं. कुठला नियम, ते दाखवलं नाही.

कारण दाखवण्यासारखं काही नव्हतंच. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची डोक्यावर काही घालण्यावर बंदी होती, हे खरं. २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींना हिजाब काढायला सांगितलं, त्यांनी नकार दिला आणि सामना सोडला. अमेरिकेची बिलकिस अब्दुल-कादिर हिने हायस्कूलमध्ये ३,०७० गुण करून मॅसॅच्युसेट्स राज्याचा विक्रम केला होता. याच बंदीमुळे तिला युरोपात व्यावसायिक खेळता आलं नाही. ती कुठली, तर स्प्रिंगफील्डची. जेम्स नेस्मिथने १८९१मध्ये ज्या गावात हा खेळ शोधून काढला, त्याच गावची मुलगी. ती आणि तिच्यासारख्या अनेक जणी लढल्या, आणि २०१७मध्ये महासंघाने नियम बदलला. जगाची सर्वोच्च संघटना बदलू शकते, आमचे तालुक्याचे सर बदलू शकत नाहीत!

हे झालं सरांचं. आता जरा घरात.

२०१७चा तो निर्णय आमच्या लोकांनी विजय म्हणून साजरा केला. त्यानंतर जिल्ह्यातल्या किती जमातींनी मुलींच्या सरावासाठी एक तास, एक कोर्ट, एक महिला प्रशिक्षक मागितली? मला एकही माहीत नाही. हिजाब घालून खेळायचा हक्क मिळाल्याचा आनंद आहे, पण मुलगी बारा वर्षांची झाली की तिचं मैदान बंद. हक्क मिळाला कुणाला मग? हजरत आयेशा आणि पैगंबरांच्या धावण्याच्या शर्यतीची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे, मौलवीसाहेबांना ती पाठ असते. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा ते जिंकले. जुम्माच्या बयानात ती मी फार कमी वेळा ऐकली आहे.

मुलांच्या बाबतीतही आम्ही काही कमी नाही. गॅरेजमध्ये, भंगाराच्या दुकानात हाताशी लागणारं पोर संध्याकाळी खेळायला गेलं की ‘टाइमपास’. तेच पोर दहावीत खेळाचे वाढीव गुण आणेल किंवा सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणात बसेल असं कळलं की मग प्रमाणपत्र कुठून मिळेल याची चौकशी सुरू. सरांनाही हेच हवं असतं. चार वर्षं घडवण्यापेक्षा प्रमाणपत्रापुरता संघ उभा करणं सोपं. त्यात दोघांचं संगनमत आहे, आणि त्यात जो खरा खेळाडू असतो तो मागे पडतो, कारण घडायला त्याला वेळ लागतो.

वेळेचाच विचार करा. डिसेंबरात आमच्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळेचा सराव पाच ते साडेसहा. मगरिबची नमाज, अरबी शिकवणी, अंधारात मुलीला घरी आणायचा प्रश्न, सगळं त्याच दीड तासात. सरांनी सराव पहाटे घेतला तर यातल्या तिन्ही अडचणी संपतात. वुडनने आपली आयुष्यभराची मांडणी बदलली. इथे फक्त घड्याळ बदलायचं आहे. तेही होत नाही, कारण सरांची सकाळची शिकवणी असते, आणि आमच्यातलं कुणी जाऊन त्यांना विचारतही नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांची कोर्टं रिकामी असतात आणि फाटकाची किल्ली चौकीदाराकडे असते. पहाटे साडेपाच ते सात, ऊन चढायच्या आत, दोन महिने. दोन चेंडू, एक शिट्टी, आखणीसाठी नव्या मापाचा चुना, बाकावर बसायला कुणाची तरी आई किंवा एखाद्या शिक्षिकाबाई. खर्च एका वलिम्याच्या पाण्याच्या बाटल्यांइतकाही नाही. जमातीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. मुख्याध्यापकांना बोलवा, त्या जुन्या सरांना सन्मानाने बोलवा, आणि ज्या मुलीबद्दल ‘ऐकत नाही’ म्हणतात तिलाही बोलवा. आधी तिला बोलू द्या. सर नंतर बोलतील.